मेलिसोनिसीला दोन जागा

मेलिसोनिसीला जायला मी जन्मात कधी तिकीट काढलं नव्हतं. जायचं म्हणजे धक्क्यावर उभं राहून झानिसला हाक मारायची, त्याने सिगारेट विझवायची आणि इंजिन सुरू करायचं. पण गेल्या हिवाळ्यात झानिसने होडी मोडीत काढली आणि तो मुलाकडे मेलबर्नला निघून गेला. आता त्या खडकाळ बेटाकडे फिरकणारी एकच बोट उरली. सीमोसची. पर्यटकांना दिवसभर तीन-चार बेटांवरून फिरवून संध्याकाळी परत आणणारी.

तिकिटं त्याची बायको रोदान्थी विकते. बंदरावर पूर्वी जिथे जाळी ठेवत, तिथे तिचं दुकान आहे. जून लागला तशी मी तिथे गेले.

"मावशी, तुम्ही? पाहुणे आलेत का कुणी?"

"मला दोन जागा हव्यात. सतरा जुलैच्या."

"तुम्हाला?" ती हसली. "आमच्या बोटीवर गाणी मोठ्याने लागतात हं. आणि सगळे अर्धे उघडेच असतात."

"मी डोळे मिटून बसेन. मेलिसोनिसीला थांबता ना?"

"थांबतो म्हणजे खाडीत नांगर टाकतो. लोक पाण्यात उड्या मारतात, डुंबतात, वर येतात. किनाऱ्याला नाही लागत आम्ही. तुम्हाला पोहता येतं का?"

"मी जन्मलेय तिथे, पोरी."

रोदान्थी दूरच्या सालोनिका शहरातली, लग्न करून आलेली. तिला काय माहीत असणार? आता तिथे घरांच्या नुसत्या भिंती आहेत. पण आमच्या लहानपणी सात चुली पेटत होत्या, आणि टेकडीवर संत मारिनाचं देऊळ होतं, ते अजून आहे. सतरा जुलैला तिची जत्रा. मारिनाची तसबीर देवळात राहत नसे. ती वर्षभर कुणातरी एका घरात असायची. त्या घराने तिच्यासमोर दिवा तेवत ठेवायचा, आणि जत्रेला वर येईल त्या प्रत्येकाला मातीच्या भांड्यात रात्रभर शिजवलेले चणे वाढायचे. जेवणं झाली की घरधनिणीने देवळाच्या दारात उभं राहून तीनदा विचारायचं, "कोण नेतंय हिला?" ज्याला न्यायची असेल त्याने "मी नेतो" म्हणायचं आणि घंटा वाजवायची. सलग दोन वर्षं ती एका घरात राहायची नाही. आणि तीनदा विचारूनही कुणी बोललं नाही, तर तसबीर आत ठेवून दाराला कुलूप. जत्रा संपली, कायमची. पलीकडच्या बेटावरच्या देवळाचं तसंच झालं. त्यांचा संत आता शहरातल्या संग्रहालयात काचेआड उभा आहे.

विहीर खारट झाली आणि माणसं उठली. काही आमच्या या मोठ्या बेटावर आली, काही अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला गेली, काही समुद्रापार. शेवटी न्यायला दोघीच उरलो, मी आणि झाम्बेता. एक वर्ष ती, एक वर्ष मी. यंदा तसबीर माझ्याकडे होती. आता झाम्बेताने न्यायची होती.

"दुसरी जागा कुणाच्या नावाने टाकू?" रोदान्थीने विचारलं.

"झाम्बेताच्या. पिरेअसहून येणार आहे."

तेवढ्यात सीमोस आत आला, तेलकट हात पुसत. सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, रबरी होडीतून मी तुम्हाला किनाऱ्याला सोडीन, त्याचं काही नाही. पण उत्तरेचा वारा सुटला तर मेलिसोनिसी गाळून मी दक्षिणेकडून जातो. आधीच सांगतो, मागाहून शिव्या नकोत."

"नक्की जाईन असं लिहून दे."

"मी कप्तान आहे मावशी, समुद्र शांत करणारा संत निकोलाओस नाही."

घरी येऊन लगेच झाम्बेताला फोन लावला.

"जागा मिळाल्या गं. सावलीतल्या."

"सावली कशाला? मी काय लोणी आहे वितळायला? आणि चणे जास्त शिजवू नकोस. गेल्या वेळी लगदा केला होतास."

"गेल्या वेळी तू केले होतेस."

"मी? मग चांगलेच झाले असतील."

मग आम्ही खूप हसलो. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "झानिस किती वाजता निघतो म्हणालीस?" मी पुन्हा सांगितलं, झानिस गेला, आता सीमोसची बोट. "हो, हो," ती म्हणाली. त्यावर मी फार विचार केला नाही. आमच्या वयात नावांची अशीच अदलाबदल होते.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी पिरेअसची आगबोट लागली तेव्हा मी धक्क्यावर होते. आधी ट्रक उतरले, मग फटफट्या, मग माणसं. खोकी, पिशव्या, कलिंगडं, पोरं. काळ्या कपड्यातली प्रत्येक म्हातारी मला लांबून झाम्बेता वाटत होती. दोर सुटले, फळी वर गेली, धक्का रिकामा झाला. मी तिथेच उभी. मग फोन वाजला. तिची लेक, वासो.

"मोस्खामावशी, आई नाही येत. सकाळपासून तयार होऊन बसली होती हो, पिशवी मांडीवर घेऊन. पण बंदरावर आगबोट बघितली आणि रडायलाच लागली. म्हणे, बाबा अजून समुद्रावरून आले नाहीत, मी कुठे जाऊ? हलेचना. शेवटी घरी आणली."

झाम्बेताचे वडील बुडाले तेव्हा आम्ही दोघी फ्रॉकमध्ये होतो.

"हिवाळ्यापासून असंच चाललंय," वासो म्हणाली. "फोनवर तुम्हाला कळत नाही. फोनवर ती छान बोलते."

"मग मी तसबीर तिकडे घेऊन येते. तुझ्याकडे."

"मावशी, तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. आई गॅस चालू ठेवून निघून जाते. तेलाचा दिवा कसा ठेवू मी घरात? मी दिवसभर कामावर."

रागावण्यासारखं तिने काही म्हटलं नव्हतं. तरी घरी जाईपर्यंत मी तिच्यावर रागावले.

सकाळी समुद्र ताटात ठेवलेल्या पाण्यासारखा होता. वाऱ्याची मला मनातून थोडी आशा होती, हे खरं. वारा असता तर जाणंच झालं नसतं, आणि विचारायची वेळही आली नसती. चण्यांचं भांडं पायांत धरून मी बसले आणि शेजारच्या जागेवर तसबीर ठेवली, भरतकामाच्या फडक्यात गुंडाळलेली.

रोदान्थी माणसं मोजत आली. "मावशी, एक जण उभा आहे हो. तुमची मैत्रीण आली नाही, तर ही जागा…"

"पैसे भरलेत तिचे."

तिने फडक्याची कड उचलून बघितलं. आत मारिना, एका हातात हातोडा, दुसऱ्या हाताने सैतानाचं शिंग धरलेलं. "बसू दे बाई," रोदान्थी म्हणाली. "लाइफजॅकेट देऊ का हिला?"

"तुम्ही दोघं हिवाळ्यात कुठे असता गं?" मी विचारलं.

"अथेन्सला. बोट काढून ठेवतो, घराला कुलूप. इथे हिवाळ्यात कोण राहतं?"

"मी राहते," म्हटलं. कुलूपबंद घरात मारिनाचा दिवा कोण तेवत ठेवणार?

मेलिसोनिसीच्या खाडीत नांगर पडला. माणसं धडाधड पाण्यात उतरली. सीमोसने मला आणि भांड्याला रबरी होडीतून किनाऱ्यावर ठेवलं.

"पाठीवर घेऊन जाऊ का वर?"

"तुझा आजोबा मागे लागला होता, त्यालासुद्धा नाही नेऊ दिलं."

तो हसत भांडं वर ठेवून आला आणि बोटीकडे परत गेला. तसबीर काखेत घेऊन मी सावकाश चढले. आमच्या घराचं छप्पर कधीच पडलंय, आत अंजिराचं झाड उगवलंय. त्याची फळं पिकली की कोण खातं, कोण जाणे. देवळात दिवा लावला, येतील तेवढी स्तोत्रं म्हटली. पाद्री नव्हता. मोठ्या बेटावरही आज मारिनाचीच जत्रा, आणि एक पाद्री एका दिवशी एकाच वेदीपुढे उभा राहतो. मग अंगणातल्या दगडी ओट्यावर ताटल्या मांडल्या. किती मांडाव्यात कळेना. नेहमीपेक्षा जास्तच मांडल्या.

एक परदेशी जोडपं ओल्या अंगाने वर आलं. त्यांना वाढलं. वर येईल त्याला वाढायचंच असतं. दोघांनी उभ्याने खाल्लं, छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाले, घंटेचा फोटो काढला आणि उतरले. मग वर फक्त झाडांवर किरकिरणारे किडे आणि खालून येणारी गाणी. मी चार घास खाल्ले. चणे लगदा झाले नव्हते. हे सांगायला कुणी नव्हतं.

विचारायची वेळ झाली. तसबीर छातीशी धरून मी दारात उभी राहिले. ज्या अंगणात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून माणसं बसायची, जिथे माझ्या आईने विचारल्यावर तीन घरं एकदम ओरडायची आणि भांडणं लागायची, तिथे एक सरडा ऊन खात होता. न विचारता निघावं, तर जत्रा अर्धवट राहणार. विचारावं, तर उत्तर कोण देणार? कुलूप खिशात होतंच.

मी फोन काढला. टेकडीवर तो लागतो.

वासो म्हणाली, "देते तिला. पण मावशी, तिला बोलू नका हं काही."

"झाम्बेता," मी म्हटलं. "ऐकतेयस? कोण नेतंय हिला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झाम्बेता, मारिनाच्या दारात उभी आहे मी. कोण नेतंय हिला?"

"आईला विचारते," ती म्हणाली. आवाज बारीक, लहान पोरीचा. तिने खरंच कुणालातरी विचारलं असावं, कारण ती परत बोलली तेव्हा कुणाचा तरी निरोप सांगितल्यासारखी बोलली. "आई म्हणते, यंदा आमच्याकडे नको. बाबा आले नाहीत. आमच्या घरी चणेपण नाहीत. मोस्खाच्या घरी द्या. त्यांची भट्टी मोठी आहे."

तिचे वडील बुडाले त्या वर्षी अगदी हेच झालं होतं. तसबीर त्यांनी न्यायचं ठरलं होतं, आणि तिची आई काळी शाल गुंडाळून याच अंगणात बसली होती. तिने आमच्या घराचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी ते मानलं, सलग दुसरं वर्ष असूनही, कारण ज्यांनी न्यायची होती त्यांनीच नाव घेतलं होतं. झाम्बेताने तेव्हा माझा हात धरला होता. चिकट होता तिचा हात, अंजिराच्या चिकाने.

"मोस्खा चांगली आहे," ती म्हणाली. "ती रडत नाही."

"नाही रडत," मी म्हटलं. "कोण नेतंय हिला, झाम्बेता?"

"मोस्खा."

"मी नेते," मी मोठ्याने म्हटलं. फोन ओट्यावर ठेवला, चालूच. तसबीर काखेत घेतली आणि घंटेचा दोर ओढला. घंटा गंजलेली, पण आवाज तोच, आधी फुटका आणि मग लांबवर जाणारा.

खाली पाण्यातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. त्यांना वाटलं, परत बोलावताहेत. एकेक करून ते बोटीकडे पोहत निघाले, शिडीपाशी गर्दी झाली. सीमोस दोन्ही हात हलवून ओरडत होता, अजून वेळ आहे, पोहा, पोहा. कुणी ऐकत नव्हतं. फोनमधून झाम्बेता काहीतरी विचारत होती. मी पुन्हा दोर ओढला. घंटा तीनदा वाजवायची असते.