परत आलेली प्रशिक्षणार्थी

नाम ह्ये-सुक बाई दक्षिण कोरियातल्या चांगवन शहरात एका व्यवसाय-शाळेत एकोणीस वर्षं लेथ शिकवत होत्या. पोरांवर खेकसायच्या, पण लेथवर घडवलेल्या जॉबवरून नुसतं बोट फिरवून कुठं कसर राहिली ते डोळे मिटून सांगायच्या. त्या वर्षी त्यांच्या हाताखाली प्यो दा-इन नावाची मुलगी होती. कमी बोलणारी आणि हाताला विलक्षण स्थिर. तिचा एक जॉब बाईंनी तीनदा मोजला होता, कारण माप इतकं तंतोतंत आलेलं बघून त्यांचाच विश्वास बसेना.

शेवटच्या सहामाहीत मुलांनी कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं, असा नियम. दा-इनला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जागा मिळाली. तिसऱ्या आठवड्यात बाई न कळवता तिथं जाऊन थडकल्या.

लेथच्या रांगेत दा-इन नव्हती. ती सापडली मागच्या शेडमध्ये, खोकी चिकटवताना. बोटांना जागोजागी पट्ट्या.

"कधीपासून हे?"

"पहिल्या दिवसापासून, बाई."

"आणि मशीन?"

"एकदा हात लागला. पुसायला सांगितलं होतं."

"अगं, मग फोन का नाही केलास?"

दा-इन जमिनीकडे बघत म्हणाली, "निघताना विभागप्रमुख सर म्हणाले होते, कळ काढा, पण परत येऊन शाळेचं नाक कापू नका."

एवढ्यात कारखान्याचे व्यवस्थापक माएंग कॉफीचा कागदी पेला सावरत धावत आले. "अहो बाई, आधी कष्टाची सवय तर होऊ दे! लेथ काय पळून चाललंय?"

"प्रशिक्षणाचा आराखडा दाखवा."

आराखडा कसा देखणा! दुसऱ्या आठवड्यापासून रोज सहा तास लेथ. खाली शेरा, 'पाहणी केली, समाधानकारक'. त्याखाली सहीच्या जागी नामबाईंच्या नावाचा लाल शिक्का. बाईंनी या कारखान्याचं फाटक त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडलं होतं. त्यांची कानशिलं तापली. तो कागद त्यांनी घडी करून सरळ पिशवीत घातला.

"दा-इन, सामान घे."

"पण बाई, शाळेत..."

"घे म्हटलं ना!"

शाळेत मुख्याध्यापक थाक वाटच बघत होते. "नामबाई, एक मुलगी परत आली की नोकरीचा टक्का घसरतो. पुढच्या आठवड्यात मंत्रालयाची माणसं येतायत. आदर्श शाळा म्हणून निवड झालीय आपली, काही कळतंय का?"

"माझा शिक्का कुणी मारला?"

"विभागप्रमुखांनी. तुमचाच वेळ वाचवला हो."

"माझ्या नावानं खोटं बोललात, वर उपकार केल्यासारखं सांगताय?"

दुसऱ्या दिवशी दा-इन कार्यशाळेत दिसेना. तिला समुपदेशनाच्या खोलीत बसवून 'मी का टिकले नाही' यावर दहा पानं लिहायला लावलं होतं. चौथ्या पानावर पोरीनं लिहिलं होतं, 'माझ्यात चिकाटी कमी आहे.' ते वाचून बाईंचा संताप अनावर झाला. तिच्या हातातलं पेन काढून घेऊन त्या म्हणाल्या, "लाज ज्यांना वाटायला हवी, ते खाली चहा पितायत. चल लेथवर."

मंत्रालयाची माणसं आली. पडद्यावर आकडे झळकले. कारखान्यातल्या प्रशिक्षणाची योजना सुधारली म्हणे, म्हणजे पाच वर्षांत तिचं नाव तीनदा बदललं होतं आणि अर्ज कागदावरून मोबाइलवर आले होते. टाळ्या पडत असताना नामबाई उठल्या. दा-इननं केलेला पोलादी जॉब आणि तो खोटा आराखडा त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे शाळेत शिकलेल्या पोरीचं काम. तुमच्या योजनेनं तिला खोकी चिकटवायला बसवलं. आणि हा त्याचा दाखला, माझ्या चोरलेल्या शिक्क्यासकट."

"बाई, खाली बसा!" थाक ओरडले.

पाहुण्यांतल्या ग्वाक नावाच्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "एखादं प्रकरण असं असू शकतं."

"मग कारखान्यांत पाठवलेली बाकीची बत्तीस मुलं बघायला चला. आत्ता, न कळवता. तुमची बस खालीच उभी आहे."

बाकीचे जेवायला गेले. ग्वाकबाई मात्र निघाल्या. संध्याकाळपर्यंत चार कारखाने झाले. एकात दोन मुलं ट्रक रिकामा करत होती, दुसऱ्यात एक जण जेवणघरातली ताटं विसळत होता, तिसऱ्यात मुलाचा पत्ताच नव्हता. चौथ्या छोट्या कारखान्यात मात्र मो नावाचा लेथवरचा म्हातारा टर्नर एका मुलावर मनसोक्त ओरडत होता, "गाढवा, टूलला आधी धार लावून घे!" ते ओरडणं ऐकून नामबाईंना भरून आलं.

त्या महिन्यात अकरा मुलं परत बोलावली गेली. विभागप्रमुखांना ताकीद मिळाली. थाक यांना बढती मिळाली. मार्चमध्ये नामबाईंची बदली अशा शाळेत झाली, जिथं लेथच नव्हतं.

दा-इनला मो आजोबांनी आपल्या कारखान्यात ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी तिचा जॉब उलटसुलट बघून ते एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये."

एप्रिलमध्ये प्रशिक्षणाच्या कारखान्यांची नवी यादी लागली. माएंगांचा कारखाना नाव बदलून तिच्यात हजर. नामबाईंनी तिथल्या तिथं ग्वाकबाईंना फोन लावला.

"मॅडम, यादी बघितलीत?"

"बघितली."

"मग उद्या सकाळी आठला माएंगांच्या फाटकावर भेटते," नामबाई म्हणाल्या, आणि रजेचा अर्ज लिहायला बसल्या.