काळी वायर

तीन वर्षांपूर्वी पंधरा बायकांसमोर आपल्याला टेबलावरून उठवलं, हे मुंगी एक दिवसही विसरली नव्हती. अंगाने बारीक आणि हात सारखे चालू, म्हणून कारखान्यात तिला सगळ्या मुंगी म्हणत. अंडी उबवायच्या यंत्रांचे बोर्ड सोल्डर करायचं, म्हणजे त्यांवरचे भाग वितळलेल्या कथलाने जोडायचं तिचं काम. एका गिऱ्हाइकाचं यंत्र मधेच थंड पडलं आणि तीनशे अंडी वाया गेली. तेव्हा इंजिनियरसाहेबांनी काडेपेटीएवढी एक डबी लॅपटॉपला लावली, तिच्या रंगीत वायरी त्या यंत्रातल्या, मुंगीच्या हातच्या बोर्डाला अडकवल्या आणि पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघांकडे बोट दाखवलं.

"बघा! कच्चं सोल्डर. बाई, उद्यापासून येऊ नका."

या साहेबांना बायका पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणत. समोर कोण बोलणार?

ती डबी म्हणजे लॉजिक अ‍ॅनालायझर. बोर्डावरचे भाग एकमेकांशी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतात, पण पापणी लवायच्या आत हजारो वेळा. डबी ते ऐकते. 'हो' असेल तर रेघ वर नेते, 'नाही' असेल तर खाली.

मुंगीने घरातल्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि हट्टाने तसलीच डबी आणली. पहिल्या दिवशी तिच्याही पडद्यावर तशाच वेड्या रेघा नाचल्या. मग तिने सोबतचा कागद वाचला. काळी वायर, म्हणजे ग्राउंड, आधी जोडा. खरंच आहे, दोघांची उंची ताडून बघायची तर दोघांनी एकाच जमिनीवर उभं राहायला हवं. तिने काळी वायर जोडली आणि रेघा शहाण्यासारख्या वागू लागल्या.

मुंगीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सर्वज्ञांची काळी वायर तिला लख्ख आठवली. ती टेबलाच्या कडेला पडली होती, पॅकिंगच्या तारेत गुंडाळलेली, तशीच्या तशी.

ती संधीची वाट बघत थांबली. एके दिवशी कारखान्यात चाळीस यंत्रं परत आली आणि कारखान्याच्या मालकीणबाई स्वतः दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"मुंगे, झालं गेलं विसर. जरा बघतेस का?"

"बघते की. पण त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि वायरी साहेबच लावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात मुंगीने परत आलेला एक बोर्ड पुढे सरकवला. त्यावरच्या, वीज चालू असली की लागणाऱ्या छोट्या दिव्यावर तिने काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती. सर्वज्ञांनी भराभर आठ वायरी अडकवल्या. रेघा नाचल्या. ते मागे वळले.

"काय सांगत होतो? अजूनही तेच. कच्चं सोल्डर!"

मुंगीच्या जागी आलेल्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"नक्की ना, साहेब?" मुंगीने विचारलं.

"डोळ्यांनी दिसतंय!"

"मग कमालच झाली." मुंगीने टेबलाखाली नुसताच लोंबणारा बोर्डाचा प्लग उचलून वर धरला. "बोर्डाला मी अजून वीजच दिलेली नाही. मेलेला बोर्ड एवढा बडबडतो कसा?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळी रांगच हसली.

मुंगीने साहेबांच्या डबीच्या खोक्यात हात घातला. काळी वायर त्यात होती, अजूनही पॅकिंगच्या तारेसकट. तिने ती तार सावकाश सोडवली, साहेबांना नीट दिसेल अशी. वायर बोर्डाला लावताच आठही रेघा आडव्या पडल्या. प्लग लावल्यावर त्या वर-खाली चालू लागल्या, एकसारख्या, स्वच्छ.

"चुकलं," साहेब पुटपुटले.

"तेव्हा ज्या आवाजात बोलला होतात, त्याच आवाजात सांगा, साहेब."

साहेबांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान फिरवली.

"माझं चुकलं! सोल्डर चांगलं होतं!"

मुंगी पडद्याकडे वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने पिशवी उचलली.

"यंत्र का थंड पडतं ते दिसलं मला. चूक यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये आहे, साहेबांनी लिहिलेल्या."

"कुठे? नीट सांग ना!" मालकीणबाई म्हणाल्या.

"साहेब शोधतील. आता वायर जोडून दिली आहे." दारातून ती मागे वळली. "आणि हो, शोधताना या सगळ्याजणींना इथेच बसू द्या. मलाही सगळ्यांसमोरच घालवलं होतं."