मी फक्त नळी धरतो

मी एक हात बोलतोय. माणसाचा नव्हे, ॲल्युमिनियमचा. सुताराच्या वर्कशॉपमध्ये धूळ ओढणारं जे यंत्र असतं, त्याच्या पाठीवर मी उभा असतो आणि त्याची नळी वरच्या वर धरून ठेवतो. एवढंच माझं काम. त्यात बढती नसते.

जन्म कारखान्यात झाला, बालपण खोक्यात गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, अंधार होता. मार्चमध्ये जर्मनीच्या श्वाबिया भागातल्या एका डोंगरी गावात खोकं उघडलं, तेव्हा पहिल्यांदा माणसं दिसली: गेबहार्ट सुतार, वय एकसष्ट, आणि त्याची बायको रोस्विता.

मला आणलं तिने. चाळीस वर्षं लाकडाची धूळ खाऊन गेबहार्टची छाती खराब झाली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला श्वास मोजायच्या यंत्रात फुंकायला लावलं, आकडा पाहिला आणि सांगितलं, "आणखी घसरला तर वर्कशॉप बंद." यंत्र होतंच, पण त्याची नळी टेबलाच्या कडेला अडकायची, नव्या दारांवर ओरखडे काढायची. मग गेबहार्ट चिडून नळी काढून टाकायचा आणि तसाच लाकूड घासत बसायचा. नळी वरून आली तर चिडणार नाही, असा रोस्विताचा अंदाज.

"आधी सूचना वाच," ती म्हणाली.

"चार स्क्रूंना सूचना कसल्या?"

त्याने मला उलटा बसवला. दुपारपर्यंत मी भिंतीची सेवा केली. शेवटी त्याने कचऱ्यातून कागद काढला, वाचला, "चुकीचं छापलंय," म्हणाला आणि कागदाप्रमाणे बसवलं. नळी आणि घासायच्या मशीनची वायर पट्ट्यांनी एकत्र बांधली, टेबलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत पोचेल इतकी सैल सोडली, यंत्राच्या चाकांना ब्रेक लावला. तेव्हापासून नळी कशालाही अडली नाही. गेबहार्टने ती एकदाही काढली नाही. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

तरी जुलैत आकडा घसरला.

घर वर्कशॉपच्या वरच आहे, जिना अकरा पायऱ्यांचा. गेबहार्ट सहाव्या पायरीवर थांबायचा. डॉक्टरीणबाईंनी नोव्हेंबरपर्यंतची शेवटची संधी दिली. खापर फुटलं माझ्यावर.

"कुचकामी आहे हा हात," रोस्विता म्हणाली. "परत पाठवते."

"चार महिने वापरलेला कोण घेईल?"

"लख्ख पुसून देते की!"

शुक्रवारी काम संपल्यावर तिने मला खरंच लख्ख पुसलं. शनिवारी पाच वाजता स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. मला सोडवायला हात वर केला आणि थांबली. माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"गेबहार्ट, आज घासायचं मशीन लावलंस?"

"शनिवारी? कधी लावलंय का?"

"मग ही धूळ कुठली? काल पुसलाय मी याला."

 गेबहार्टच्या हातात बापाच्या वेळचा झाडू होता. शनिवारी झाडायचं, हा इथला नियम. कुठल्या कायद्यात तो शोधू नये, पण खून एक वेळ माफ होईल, न झाडलेलं दार होणार नाही. दर शनिवारी चार वाजता गेबहार्ट दार सताड उघडून कोरड्या झाडूने कानाकोपरा झाडायचा. मी वरून पाहायचो. आठवडाभर जमिनीवर बसलेली बारीक धूळ उठायची, त्याच्या नाकातोंडात जायची, उरलेली माझ्यावर बसायची. मला सगळं माहीत होतं. तोंड नव्हतं.

"अरे देवा," रोस्विता म्हणाली. "पाच दिवस यंत्राने ओढायची, सहाव्या दिवशी उडवून स्वतःच ओढायची!"

"अगं, समोर हेडविगबाई खिडकीत बसलेल्या असतात. शनिवारी झाडू दिसला नाही तर गावभर होईल, गेबहार्ट संपला म्हणून."

त्याचा आवाज शेवटी बारीक झाला. मला फार वाईट वाटलं.

"आणि खरंच संपलास तर?" ती म्हणाली. "तुझं आवडतं बटाट्याचं सॅलड मग मी हेडविगबाईंसाठी करू?"

मग तिने माझ्या नळीला जमिनीवर फिरवायचं चपटं तोंड लावलं आणि ती त्याच्या हातात दिली. मोठ्या शरमेने त्याने दार लोटून घेतलं आणि सगळी जमीन ओढून काढली. त्यानंतर दार उघडलं. बाहेरच्या स्वच्छ फरशीवर रोस्विताने आधी पाणी शिंपडायला लावलं, मग त्याने ती फरशी सावकाश, शेवटच्या दगडापर्यंत झाडली. हेडविगबाईंनी खिडकीतून मान हलवली. तेव्हापासून दर शनिवारी असंच चालतं.

नोव्हेंबरमध्ये आकडा होता तिथेच राहिला. "चालू ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझे आभार कोणी मानले नाहीत. इथे शिव्या पडल्या नाहीत की समजायचं, कौतुक झालं. मला परत पाठवायला ठेवलेलं खोकं मात्र रोस्विताने जाळून टाकलं. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावला.

तुमच्या घरीही माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात मुकाट उभा असेल. त्याला दोष देण्याआधी एकदा त्याच्या पाठीवरून बोट फिरवून बघा, एवढीच विनंती.

रोस्विता आता दर शनिवारी फिरवते. गेल्या खेपेला बोट पाहिलं, एप्रनला पुसावंही लागलं नाही. "जेवायला चल," म्हणाली आणि वर गेली. तिच्यामागून गेबहार्ट निघाला. सहावी पायरी वाजली, सातवी वाजली, आठवी वाजली. नवव्या पायरीवर तो थांबला.

मी नळी धरून ऐकत होतो.