पूजेला बसलेलं प्रेशर गेज

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या यार्डात पान्याला हात लावायचा नाही, हा नियम इतका जुना होता की तो घातला कोणी, हे सांगायलाही कोणी उरलं नव्हतं. यार्ड भार्गव भैयांचं. मशिनी भाड्यानं द्यायचा धंदा. आदल्या संध्याकाळी पाने, पकडी, हातोडे, जॅक सगळं पुसून लाल कापडावर मांडायचं, पूजेत त्याला हळदकुंकू लावायचं आणि थेट पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर उचलायचं.

यंदा ती मांडणी मायानं केली होती. तिच्या गुढियारीच्या घरी बुद्धवंदना होते, पूजा नाही. पण यार्डातली डिप्लोमा झालेली मेकॅनिक तीच, अवजारांची पेटी तिच्याच ताब्यात, आणि मांडायचंच तर नीट मांडायचं हा तिचा स्वभाव. तेलाचा दाब मोजायचं गेज तर तिनं अगदी मधोमध ठेवलं. का, तर ते गोल होतं आणि तिथं शोभत होतं.

पूजा झाली, मग मशिनींची सलामी. म्हणजे एकेक ऑपरेटर आपली मशीन सुरू करतो, तिची बकेट देवासमोर खाली टेकवतो आणि मशीन नमस्कार करते. तुळशीराम काकांची पोकलेन वाकली, झकास वाकली, आणि वाकल्याबरोबर केबिनमध्ये भोंगा वाजून तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. काकांनी तत्काळ इंजिन बंद केलं. बकेट जमिनीलाच टेकलेली राहिली. एवढा लांब नमस्कार त्या यार्डात आजवर कोणी केला नव्हता.

हेड मिस्त्री शालिग्राम पुढे झाला. एरवी तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतलं दुखणं ऐकतो. आज स्क्रूड्रायव्हर पूजेत. म्हणून त्यानं नुसता कानच इंजिनाच्या झाकणाला लावला आणि चटका बसून लगेच काढला. इंजिन बंद होतं, त्यामुळे ऐकू येण्यासारखं आत काही नव्हतं, पण तेवढ्यानं शालिग्राम अडला नाही.

"बेअरिंग गेली," तो लाल कान चोळत म्हणाला. "तेल कमी असताना चालवली आहे कोणीतरी. इंजिन उघडा लागते."

"तेल पुरं आहे," तुळशीराम काका म्हणाले. त्यांनी तेल मोजायची डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा बुडवून सगळ्यांसमोर धरली. तेल खुणेपर्यंत होतं.

"आता आहे. साइटवर किती होतं ते तुले माहीत अन् देवाले माहीत."

भार्गव भैया शंकर नगरच्या ऑफिसातून खास रेशमी कुर्ता घालून आले होते. मशीन संध्याकाळी ट्रेलरवर चढवून सकाळी सातला साइटवर उभी करायची होती. त्यांनी घड्याळ बघितलं, शालिग्रामकडे बघितलं.

"तुळशीराम, कल से मत आना. दूसरी मशीन भेजूंगा, दूसरा ऑपरेटर भेजूंगा. अब मैं क्या करूं?"

बावीस वर्षं एका वाक्यात आटोपली. नोकरी गेली ती गेलीच, पण 'इंजिन खाल्लेला ऑपरेटर' असा शिक्का बसला की सगळ्या सिलतऱ्यात त्याला कोणी केबिनमध्ये चढू देत नाही. काकांनी हेल्मेट काढून पोकलेनच्या साखळीपट्ट्यावर ठेवलं. मायाला ते सहन होईना.

"भैया, दहा मिनिटं द्या. गेज लावून खरा दाब मोजते, मग काय ते ठरवा."

"गेज पूजा में है."

"उचलते न."

सगळं यार्ड तिच्याकडे बघायला लागलं. शालिग्राम गोड आवाजात म्हणाला, "उचला न मॅडम. मग सालभर जे काही बंद पडन ते तुमच्या नावावर."

आता बघा गंमत. दाब मोजायचं यंत्र मान घेण्यात गुंतलेलं, म्हणून दाब मोजता येत नव्हता. मोजता येत नव्हता, म्हणून निकाल तेवढा लागला होता. मायानं लाल कापडाकडे पाहिलं. गेजच्या काचेवर तिच्या डोळ्यांसमोर कोणीतरी मोठ्ठं कुंकू लावलं होतं.

"चावी तर पूजेत नाही न?" तिनं विचारलं.

"चावी फिरवणं म्हंजे कामच झालं," शालिग्राम म्हणाला.

"मग आत्ता सलामी दिली ती काय चावीशिवाय?"

शेवटी भैयांनी यार्डाच्या इतिहासात पहिल्यांदाच धर्मनिर्णय दिला. "चाबी औजार नहीं है."

माया केबिनमध्ये चढली. इंजिन सुरू केलं नाही, नुसती चावी फिरवली. इंजिन बंद तर तेलाचा पंप बंद, आणि पंप बंद तर दाब शून्य. पडद्यावर शून्यच दिसायला हवं. दिसलं एक पॉइंट आठ. मग काहीच नाही. मग पाच.

"काका, वर या. बंद इंजिनात पाच किलो दाब दाखवून राहिलं. तुमची मशीन झोपेत पळते का?"

काका हसले नाहीत, पण वर चढले. पाठोपाठ भैयाही, कुर्ता सावरत. आकडा पुन्हा शून्यावर येऊन दोनवर उडाला.

"म्हणजे?" भैयांनी विचारलं. इतके गोंधळले की मराठीत विचारलं.

"म्हणजे हा आकडा इंजिनाचा नाही. सेन्सर नाहीतर त्याची वायर खोटं बोलते."

ती खाली उतरली, बाजूचं झाकण उघडलं. अंगठ्याएवढा सेन्सर इंजिनाला बसवलेला होता आणि त्याच्या वायरचा प्लग हातानं निघणारा. पाना लागतच नाही. तिनं क्लिप दाबली, प्लग ओढला, आणि तिच्या तळहातावर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

काल ही मशीन धुतली कोणी? मायानंच. प्रेशरचा पाइप घेऊन, इंजिनाच्या कानाकोपऱ्यात, चांगला पाऊण तास. काका लांबून म्हणालेही होते, "बस झालं वो पोरी," पण पूजेची मशीन चकाचक नको का?

थेंब बाकी कोणी पाहिला नव्हता. ओढणीला हात पुसायचा आणि 'वायर ढिली होती' म्हणायचं, एवढंच काम होतं. मायानं तसा विचार केला. खोटं कशाला सांगायचं, चांगला दोनदा केला. मग हात पुढे केला.

"पाणी आहे. मी धुताना गेलं."

तिनं प्लग फुंकला, ओढणीच्या टोकानं कोरडा केला, परत लावला. चावी फिरवली तर शून्य, आणि हलेना. इंजिन सुरू केलं तर चार, आणि लाल दिवा गेला.

"आकडा सुधरला म्हंजे बेअरिंग सुधरली का?" शालिग्राम म्हणाला.

"नाही. सकाळी आरती झाली की गेज साइटवर आणते, काम सुरू व्हायच्या आधी लावते. दाब कमी निघाला तर इंजिन मीच उघडून देते."

भैयांनी तुळशीराम काकांकडे वळून सांगितलं, "सुबह साढ़े पांच बजे आ जाना." 'मत आना' हे वाक्य जणू दुसऱ्याच कोणी म्हटलं होतं. मग साइटवाल्यांना पाठवायचा कागद मायापुढे सरकवला. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात तिनं लिहिलं: धुताना प्लगमध्ये पाणी गेलं, धुणारी माया. भैयांनी वाचलं, पेन घेऊन त्यावर काट मारली आणि वर लिहिलं: बारिश. आठ दिवसांत सिलतऱ्यात थेंब पडला नव्हता.

"पार्टी को ये सब नहीं बताते," ते म्हणाले. "और मशीन में लैपटॉप लगाकर खराबी पकड़ना तेरे सिवा किसको आता है?"

म्हणजे काकांवर आळ घ्यायला पुरावा लागला नव्हता, आणि मायानं हातात पुरावा धरून दिलेला कबुलीजबाब कोणी घेत नव्हतं.

ती काकांजवळ जाऊन उभी राहिली. "काका, त्यांनी पाऊस लिहिलं."

"मंग? तुले काहून वाईट वाटून राहिलं?"

"माझ्यापायी तुमची नोकरी जात होती."

"हव, जात होती," काका म्हणाले. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. "तासभर सगळे माझ्या तोंडाकडं पाहून राहिले होते. डिपस्टिककडं एकानं नाही पाहिलं."

तेवढ्यात फाटकातून ट्रेलर आत आला. पोकलेन त्यावर चढवायला हात बसलेला माणूस पाहिजे, चार बोटं इकडेतिकडे झालं की मशीन आडवी. सगळे उभे राहून तुळशीराम काकांची वाट बघायला लागले. काकांनी त्यांना बराच वेळ बघू दिलं.