वाऱ्याच्या बाहीला अस्तर

मी विमानतळावरचा विंडसॉक बोलतोय. विठोबाची शपथ घेऊन सांगतो, पुढे जे येईल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

बरं, शब्द न् शब्द नाही. शिंप्याच्या हातून जन्मलोय. कापड जागेवर राहावं म्हणून शिंपी आधी कच्चे टाके घालतो आणि काम झालं की ते उसवून टाकतो. तसा एक कच्चा टाका मीही घातलाय. शेवटी उसवून दाखवीन, तोवर विश्वास ठेवा.

विंडसॉक म्हणजे उंच खांबावर लोखंडी कड्याला बांधलेली, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची लांब कापडी पिशवी. दोन्ही तोंडं उघडी. वारा आत शिरला की मी उभा राहतो आणि तो कुठून कुठे चाललाय ते दाखवतो. वैमानिक वरून माझ्याकडे बघतात आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. वारा पाठीमागून असला तर विमान थांबता थांबत नाही. म्हणजे बघा, खोटं बोलायची अजिबात सोय नसलेली नोकरी, आणि ती मिळाली माझ्यासारख्या थापाड्याला! आमच्यात वर्षभर टिकला तो म्हातारा. मला आठ महिने झालेत, तेव्हा वय मध्यम समजा.

आमचा विमानतळ म्हैसूर शहराच्या मालकीचा आणि शहराच्याच हिशेबाने बेताचा. बन्नूर रस्त्याला, उसाच्या मळ्यांत. एक धावपट्टी, एक काउंटर, एक व्हीलचेअर, तीही दुपारी सिक्युरिटीवाल्याच्या डुलकीसाठी राखीव. बंगळूरला जाणारं नऊ माणसांचं विमान आणि बाकी शिकाऊ पोरांची विमानं. कँटीनचा वडा मात्र असा, की लोक विमान चुकवतील पण वडा नाही. एकाला पोचवायला टेम्पो भरून नातेवाईक येतात. गोकुलममध्ये योगासनं शिकलेले परदेशी पाहुणे सगळं सामान सोडतात, फक्त चटई छातीशी धरून बसतात. वरून सगळं दिसतं हो.

माझ्याआधीचा विंडसॉक फाटला तेव्हा मॅनेजर नरसिंहमूर्ती म्हणाले, "बंगळूरहून नवा मागवला तर दोन महिने बघायला नको." काउंटरवरची पूजिता पटकन बोलून गेली, "सर, आमचे अप्पा शिवतील की. शिवरामपेठेत दुकान आहे."

पूजिताचे अप्पा म्हणजे रघूत्तम. एकेकाळी त्याचे कोट घालून अर्ध्या म्हैसूरची लग्नं लागली. आता लोक तयार कपडे घेतात आणि त्याच्याकडे येतात ते पँट आखूड करायला नाहीतर चेन बदलायला. त्यामुळे हे काम आलं तेव्हा त्यानं मशीनला आधी तेल दिलं, मग हळदकुंकू. मला तो बाही म्हणायचा. टेपनं माप घेतलं ते बाहीसारखंच, खांद्यापाशी किती, मनगटापाशी किती.

आणि मग त्यानं मरून सॅटिनचं कापड काढलं.

"हे कशाला?" पूजितानं विचारलं.

"अस्तर."

"जुन्याला नव्हतं, अप्पा."

"म्हणूनच फाटला. चारचौघांत मिरवायचं कापड आपल्या घरातनं बिनअस्तराचं कधी गेलंय? आणि हा तर गावाच्या डोक्यावर उभा राहणार. सुम्ने, गप बस गे तू."

सॅटिन आत आलं आणि मला वाटलं, आपण नवरदेव आहोत.

खांबावर चढवलं त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता. मी ताठ उभा राहिलो. नरसिंहमूर्तींनी रघूत्तमची पाठ थोपटली. पण दोन दिवसांनी वारा मंदावला आणि मी लोंबलो. वारा आत येत होता, मला लागत होता. पण अस्तराचं ओझं त्याला उचलेना. खाली ऊस डुलत होता आणि वर मी, वाळत घातलेल्या ओल्या पायजम्यासारखा. बघणाऱ्याला वाटायचं वारा पडलाय. लाजेनं मी आणखीच खाली गेलो.

त्या रविवारी रघूत्तम आपलं अख्खं भजनी मंडळ बन्नूरच्या बसमध्ये घालून मला दाखवायला घेऊन आला. सगळे कुंपणापाशी उभे.

"रघूत्तमा, तुझी बाही झोपली की रे," टाळ वाजवणारे श्रीनिवासराव म्हणाले. "अंगाईगीत म्हणू काय?"

"वाराच नाही, राव. आणि भारी कापड उगीच फडफडत नसतं."

पण श्रीनिवासरावांच्या पंच्याचा काठ फडफडत होता. रघूत्तमनं तो काठ पाहिला. मग ऊस पाहिला. मग मला पाहिलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला कळलं, ह्याला कळलं.

तो तोंड उघडणार तेवढ्यात नव्या नावाच्या शिकाऊ वैमानिकाचं विमान आलं. पोरीनं एक घिरटी घेतली, माझ्याकडे नीट बघितलं, वारा नाही असं समजली आणि वाऱ्याकडे पाठ करून उतरली. धावपट्टी संपली, विमान थांबेना. ते थेट उसात घुसलं. पंख्यानं असा रस काढला की पुढची काच चिकट झाली, आणि केसांत पाचट घेऊन नव्या बाहेर आली. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"एन अम्मा, काय हे," नरसिंहमूर्ती ओरडले, "वाऱ्याकडे पाठ करून उतरतात? पुढच्या आठवड्यात लायसन्सची परीक्षा ना तुझी? विसर आता!"

"सर, मी बघितलं होतं. वारा नव्हता. देवाशप्पथ नव्हता."

"डोळे तपासून घे आधी!"

पोर रडायला लागली. पूजितानं अप्पांकडे पाहिलं. अस्तर बाहेरून दिसत नाही. रघूत्तम गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. नाव राहिलं असतं, मंडळासमोर मान राहिली असती.

तो कुंपणाच्या फाटकातून आत आला. "सर, पोरीला बोलू नका. तिनं बरोबर बघितलं. चुकीचं दाखवलं ते बाहीनं. मी आतनं अस्तर लावलंय."

"अस्तर?"

"सॅटिनचं."

नरसिंहमूर्तींनी कपाळाला हात लावला. "अय्यो रघूत्तमरे! वाऱ्याला थंडी वाजते काय?"

मंडळ खो खो हसलं. पूजिता खाली बघत राहिली. मी जन्मभर थापा मारल्या, लाज कधी वाटली नाही. त्या दिवशी एकही थाप न मारता खोटा ठरलो, आणि माझ्यापायी तो माणूस चारचौघांत उघडा पडला.

मला उतरवलं. कँटीनच्या टेबलावर घेऊन रघूत्तमनं ब्लेडनं टाके उसवले. "माफ कर रे," तो पुटपुटला, "उघडा करतोय तुला." अस्तर येणार म्हणून आतल्या कडा त्यानं तशाच सोडल्या होत्या. दोरे निघालेले, जोड ओबडधोबड. सगळं दिसायला लागलं.

पुन्हा वर चढवलं. तीच मंद झुळूक आली आणि मी अलगद उठलो. नरसिंहमूर्ती नव्याला म्हणाले, "जा, कॉफी पी. रिपोर्टात पोरीची चूक नाही, कापडाची आहे असं लिहितो." मंडळानं टाळ्या वाजवल्या. रघूत्तमनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाला, "बघा, कसा बसलाय अंगात!"

तर अशी गोष्ट. लायसन्सची परीक्षा नव्या पास झाली. आता कच्चा टाका उसवतो.

उसातलं विमान तुम्हाला थाप वाटली असेल. ते खरं आहे, रससुद्धा खरा. खोटं आहे ते शेवटचं. रघूत्तमनं वर पाहिलंच नाही. कपडे बदलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो जशी पाठ करायचा, तशी माझ्याकडे करून उभा राहिला. सॅटिनची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि खाली मान घालून बसथांब्याकडे गेला. त्यानंतर तो आलेला नाही.

शिवरामपेठेत पँट आखूड करायला गेलात तर त्याला एवढं सांगा. म्हणावं, बाही नीट बसली आहे. आतले दोरे वाऱ्यावर उडतात, खाली उभ्या माणसाला दिसतात, पण त्याची आता सवय झाली. आकाशातून येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो आणि सुखरूप उतरतो. ज्यानं मला शिवलं, त्याच्याच्यानं तेवढं वर बघवत नाही.