खंबीर बाईची दुपार

थोरलीच्या नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा झाडून सगळे नातेवाईक धावत आले आणि प्रत्येकाने तिला सढळ हाताने एकच गोष्ट दिली. शाबासकी.

"तू खंबीर आहेस म्हणून काळजी नाही गं," आत्या म्हणाली, चहा संपवला आणि निर्धास्त मनाने घरी गेली. दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर केव्हाच खचली असती." दुसरी कुणी असती तर अधूनमधून येऊन भावाला अंघोळ घालावी लागली असती, एवढं मात्र त्याने मनातच ठेवलं.

खंबीर हा शब्द मोठा सोयीचा. एकदा बाईला चिकटवला की तिच्याकडे बघायचं कारण उरत नाही. भिंतीला आपण टेकतो. तिची पाठ दुखते का, असं कुणी विचारत बसत नाही.

थोरलीला हा शब्द लहानपणीच चिकटला होता. ती जिन्यावरून पडली आणि रडली नाही, कारण रडणं ऐकायला घरात कुणी नव्हतं. झालं, पोरगी खंबीर ठरली. धाकट्या बहिणीला त्याच वर्षी लागोपाठ सर्दी झाली, म्हणून ती नाजूक ठरली. तेव्हापासून जड पिशवी थोरलीच्या हातात आणि शाल धाकटीच्या खांद्यावर. आता धाकटीने चाळिशी ओलांडली, तरी "तिला नका सांगू, तिला झेपायचं नाही" हे चालूच होतं. खुद्द थोरलीनेही बहिणीला कधी पाण्याचा पेला उचलायला सांगितलं नव्हतं. सवय ही सवय.

नवरा बस चालवायचा आणि अखंड बोलायचा. आजाराने त्याची वाचा नेली, ती नेताना एक शब्द मागे राहिला. बरं. भूक लागली तरी बरं, पाठ सोलवटून निघाली तरी बरं, संतापाने उशी फेकली तरी बरंच. भेटायला येणारे हरखून जायचे. "बघा, एवढं होऊनही माणूस किती आनंदी!" त्या वेळी तो डाव्या हाताने त्यांना दार दाखवत असायचा, पण आनंदी माणसाच्या हाताकडे कोण बघतो?

थोरली एका कार्यशाळेत कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकी द्यायची. दिवसभर परक्यांची तोंडं हसरी करायची आणि घरी येऊन नवऱ्याची कूस बदलत रात्र काढायची. ती कामावर असताना नवऱ्याजवळ एक मदतनीस बाई असायच्या. मंगळवारी कार्यशाळा बंद, म्हणून त्या बाईंनाही सुट्टी. सुट्टी नव्हती ती फक्त थोरलीला. तिला बाकी काही नको होतं. मंगळवारची एक दुपार कुणीतरी नवऱ्याजवळ बसावं आणि आपण सलग झोपावं, बस. झोपेवाचून तिचे हात कापू लागले होते, आणि कवळ्यांच्या कामात हात कापले तर ते काम जातंच.

एकदा धीर करून तिने दिराला विचारलंही. तो गंभीर झाला, विचारात पडला आणि दुसऱ्या दिवशी मन खंबीर कसं करावं यावरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. पुस्तक खरंच उपयोगी निघालं. पलंगाचा डुगडुगणारा पाय त्यावर अगदी फिट्ट बसला.

अशात इमारतीच्या रहिवासी मंडळाला एक सुरेख कल्पना सुचली. "खंबीर रहिवासी" असा सन्मान करायचा आणि तो थोरलीला द्यायचा. तिला सोयीचं पडावं म्हणून कार्यक्रमाची वेळही ठरली, मंगळवारी दुपारी.

तळमजल्यावरच्या सभागृहात खुर्च्या भरल्या. नातेवाईक ओळीने बसले, दीर पहिल्या रांगेत. नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं ते अर्थात थोरलीनेच. बाकीच्यांनी दार उघडं धरलं. धाकटी मागे बसली होती, वारा लागू नये म्हणून आत्याने तिला खिडकीपासून लांब बसवलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांनी त्याच आठवड्यात नवी कवळी बसवली होती आणि ती दाखवायची एकही संधी ते सोडत नव्हते.

"ताईंच्या रूपाने," अध्यक्षांनी आवाज चढवला, "आपल्यासमोर खंबीरपणाचा एक आ—"

टक्. वरची कवळी खालच्या कवळीवर येऊन बसली. अध्यक्षांनी तोंड मिटून ती जाग्यावर ढकलली आणि पुन्हा उमेदीने सुरुवात केली. "एक आ—" टक्. लोक छताकडे बघू लागले. आदर्श काही अध्यक्षांच्या तोंडून बाहेर पडेना.

थोरलीने लगेच ओळखलं. साच्यावर टाळूच्या मागच्या कडेला एक बारीक खाच कोरायची असते. तिच्यामुळे वरची कवळी टाळूला धरून राहते. खाच कोरायची राहून गेली, तर दात दिसायला देखणे, पण माणसाने आ केला की सगळं खाली. नवशिकेसुद्धा ही चूक करत नाहीत. ही कवळी तिच्या हातची होती.

अध्यक्षांनी ओठ घट्ट मिटून तिच्या हाती मानपत्राची चौकट ठेवली आणि ध्वनिक्षेपक पुढे सरकवला.

"ती कवळी मीच केलीय," थोरली म्हणाली. "मागची खाच कोरायची विसरले. नवीन करून देईन. पण तीही बिघडेल, कारण मला झोप नाही. मी खंबीर वगैरे काही नाहीये हो. मी थकलेय. दर मंगळवारी दुपारी यांच्याजवळ बसायला कुणी येईल का?"

दीर बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

मग कुणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळ्यांनीच वाजवली. "चारचौघांत एवढं कबूल करायचं म्हणजे केवढा खंबीरपणा!" आत्याने डोळे पुसले. दीर मान वर करून म्हणाला, "म्हणून तर सन्मान दिला." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. थोरलीला वाटलं, ती चौकट आपल्याच डोक्यात घालून घ्यावी.

"मी येते."

टाळ्या थांबल्या. मागे धाकटी उभी होती.

"तू?" आत्या हसली. "अगं, तुला कुठलं झेपायला?"

"झेपतं की नाही, ते आजवर कुणी बघितलंय का?" धाकटी म्हणाली. ती खाली बसली नाही. "ताई, तूसुद्धा कधी विचारलं नाहीस."



पुढच्या मंगळवारी धाकटी आली. थोरलीने तिला औषधं दाखवली, कूस कशी बदलायची ते दाखवलं, पुन्हा दाखवलं, तेव्हा धाकटीने तिला हाताला धरून आतल्या खोलीत ढकललं आणि दार लोटून घेतलं.

थोरली आडवी झाली आणि बाहेर काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ नवऱ्याचं तारसप्तकातलं "बरं!" ऐकू आलं. थोरलीचे पाय आपोआप जमिनीवर आले. "उठू नकोस!" धाकटी ओरडली. "पडलं ते पडलं, मी बघते!" थोरली तशीच बसून राहिली. धावत जाऊन सगळं हातात घेणं तिच्यासाठी सोपं होतं. न जाणं महाकठीण. तिने एकेक पाय उचलून पुन्हा पलंगावर घेतला, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. नवरा स्वच्छ कपड्यांत घोरत होता. सदरा उलटा होता एवढंच. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी साचलं होतं, आणि त्याच्या कडेला भिंतीला टेकून धाकटी बसली होती. केस विस्कटलेले, बाह्या ओल्या, कोपराला खरचटलेलं.

"ताई," ती म्हणाली, "तू हे रोज करतेस? अगं, मी एका दुपारीत मेले. हे फार आहे गं. एका माणसासाठी हे फार आहे."

इतक्या महिन्यांत लोकांनी थोरलीला धीर दिला होता, पुस्तक दिलं होतं, चौकटीतलं मानपत्र दिलं होतं. हे फार आहे, असं मात्र एकाही माणसाने म्हटलं नव्हतं. ती त्या पाण्यातच बसली आणि लहान पोरासारखं भोकाड पसरून रडू लागली.

धाकटीने तिला उठवलं नाही, गप्प केलं नाही. थोडी बाजूला सरकून तिने आपली कोरडी जागा बहिणीला दिली.

"रड," ती म्हणाली. "ते उठले तर मी आहे."