आधी पारडं रिकामं

“कधीपासून त्रास आहे?” तिने पेनाचं टोपण काढत विचारलं.

“चार वर्षं होतील आता,” पलीकडची बाई म्हणाली.

“जास्त कुठे जाणवतं? स्वयंपाकघरात की बेडरूममध्ये?”

पलीकडून एक सुस्कारा. “दोन्हीकडे हो ताई. तुम्हाला काय सांगू!”

“दिवा लावला की पळतात का?”

“पळतोय कसला मेला! सोफ्यावरून हलत नाही.”

तेव्हा कुठे तिची नजर हातातल्या रिसीव्हरवर गेली. चिकटपट्टी गुलाबी होती. गुलाबी म्हणजे घटस्फोटाच्या वकीलबाई. झुरळं-ढेकणांच्या औषधवाल्याची पिवळी. “बाईसाहेब मीटिंगमध्ये आहेत,” ती घाईघाईने म्हणाली, “दुपारी स्वतः फोन करतील हं,” आणि तिने नंबर लिहून घेतला. वकीलबाई तेव्हा काचेपलीकडे बसून नखं कापत होत्या.

आठ वर्षांत अशी चूक पहिल्यांदा. पण आज तिचं लक्ष फोनकडे नव्हतंच. ते जिन्याकडे होतं. पावणेअकरा झाले होते आणि काटेवाले काका अजून आले नव्हते.

गाद्यांच्या दुकानावरचा हा पहिला मजला तिने भाड्याने घेतला तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. सात लाकडी खोपटी, सात छोटे धंदे. खुर्चीत एकेक माणूस, पण बाहेरच्याला प्रत्येक धंदा मोठी कंपनी वाटला पाहिजे. तसं भासवण्याचं काम तिचं. टेबलावर सात रंगांचे सात फोन आणि सातांच्या वतीने बोलणारा एकच गळा. मीटिंगची खोली एक, तिच्या दारावर पितळी चौकट. ज्याचं गिऱ्हाईक येईल त्याची पाटी ती चौकटीत सरकवायची, की तो तासभर खोलीचा मालक. आणि सातांसाठी एकच मंत्र: साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब दाढी करायला गेले असोत, बायकोला घेऊन दवाखान्यात असोत नाहीतर टेबलावर डोकं ठेवून झोपलेले असोत, साहेब मीटिंगमध्ये. घरी तिची पाच वर्षांची लेक जेवायला हाक मारली की पलंगाखालून ओरडायची, “मी मीटिंगमध्ये आहे, निरोप ठेवा!” सासूबाई म्हणायच्या, “चांगलं वळण लावलंयस हो पोरीला.”

काका तिचे पहिले भाडेकरू. वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करायचे आणि बरोबर असल्याचा दाखला द्यायचे. एकोणचाळीस वर्षं हेच. किराणा दुकानांचे काटे, भंगारवाल्यांचे, टपालाचे, आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रसूतिगृहाचे बाळं तोलायचे चौदा काटे. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. आत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळी वजनं, बाळं निजवल्यासारखी. पहिल्याच आठवड्यात तिने कौतुकाने एक उचलायला हात पुढे केला तर काका खेकसले होते, “हात नको लावूस! बोटाच्या तेलालाही वजन असतं, पोरी.” ते स्वतः पांढरे सुती हातमोजे घालूनच पेटी उघडत. नाकावर चष्मा, हातात मोजे, औषधवाला म्हणायचा, “काका, जादूगार दिसताय, आता ससा काढा.” “ससा आण, तोलून देतो,” काका म्हणायचे.

गेल्या चार महिन्यांत मात्र काहीतरी सैल झालं होतं. एका दुकानदाराकडे काका एकाच दिवशी दोनदा गेले. भंगारवाला फोनवर ओरडला, “तुमचे साहेब येतो म्हणाले, आलेच नाहीत!” ती म्हणाली, “मीटिंग लांबली हो.” काका तेव्हा जिन्यात उभे होते, चढायचं की उतरायचं ते ठरवत. कुणालाही न सांगता ती रोज संध्याकाळी पेटीच्या झाकणात दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी ठेवू लागली. कुठे जायचं, कधी, कुणाला भेटायचं. काका चिठ्ठी वाचत, घडी करून खिशात घालत. एकदा फक्त म्हणाले, “माझं डोकं तू सांभाळ. काटे मी सांभाळतो.”

तिनेही ते मान्य केलं होतं. कुठे जायचं ते ती लिहू शकत होती. तिथे जाऊन काय करायचं, ते काकांना ती कोण लिहून देणार?

पण सोमवारी तिने काचेतून पाहिलं होतं. काका पेटी उघडून बसले होते आणि अर्धा किलोचं वजन त्यांनी हातात धरलं होतं. मोज्याशिवाय. मुठीत, लिंबू धरावं तसं.

अकराला पाच कमी असताना काका आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, पेटी छातीशी. “आल्या का?”

“यायच्यात. काका, पाणी देऊ?”

“मला काय झालंय पाणी द्यायला? पाटी लाव.”

तिने पाटी सरकवली. चौकटीत ती जरा सैल बसायची. तिने कागदाची पाचर मारली.

प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई बरोबर अकराला आल्या. उंच, चष्मा साखळीत अडकवलेला, जिना चढूनही श्वास न लागणाऱ्या. त्यांच्यामागे एका आयाने बाळं तोलायचा एक काटा आणला: गोल तबकडी, वर पांढरं लांबट पारडं. आया तो मीटिंगच्या टेबलावर ठेवून खाली गाडीत जाऊन बसली.

“तीन वर्षांचं काम एकदम द्यायचंय,” मेट्रनबाई तिच्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या. “काकांची सवय आहे आम्हाला. पण वरचे लोक नवीन आलेत. म्हणतात, एक काटा समोर तपासून घ्या, मग सही करा. तुम्ही रोज बघता ना त्यांना? काम नीट चाललंय ना?”

प्रश्न साधा होता. उत्तर तेवढं साधं नव्हतं. सोमवारचं ते वजन, ती बिनमोज्याची मूठ. आणि काकांचा इस्त्रीचा शर्ट. चौदा काटे गेले तर काकांकडे राहणार काय, दोन किराणा दुकानं आणि तो भंगारवाला. घरी बसले तर माणूस महिन्याभरात विझेल.

“एकदम नीट,” ती म्हणाली. “काकांच्या कामाला बोट लावायला जागा नाही.”

लावलेलं बोटच तर तिच्या डोळ्यांसमोर होतं.

चहाचे कप मांडताना तिचं सगळं लक्ष काचेपलीकडे. काकांनी पेटी उघडली. चिठ्ठी काढून वाचली. मग, देवाशप्पथ, खिशातून मोजे काढून घातले. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. मेट्रनबाई खाली मान घालून करारनामा चाळत होत्या. काकांनी काट्याकडे पाहिलं. सुई शून्याच्या थोडी पुढे होती, ऐंशीच्या आसपास. काकांनी जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं आणि पारड्याखालचा स्क्रू फिरवायला घेतला. सुई हळूहळू मागे आली. शून्यावर. काका समाधानाने हसले.

आणि ट्रे हातात घेतलेली ती तिथेच थिजली.

पारड्यात कापड होतं. बाळाच्या पाठीला गार लागू नये म्हणून नर्सा अंथरतात ते, चौपदरी, मऊ, पांढऱ्यावर पांढरं. काकांनी ते काढलंच नव्हतं. काकांनी, जे प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनवायचे, “आधी पारडं रिकामं, मग डोकं रिकामं, मग वजन!” काटा बिघडलेला नव्हताच. काका तो आत्ता बिघडवत होते.

त्यांनी चिमट्याने दोन किलोचं वजन उचलून कापडावर ठेवलं. सुई बरोबर दोनवर. “बघा बाई,” काका म्हणाले. “जरासा पुढे पळत होता. आणला वठणीवर.”

“वा,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन शोधायला पर्स उघडली.

ऐंशी ग्रॅम. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ऐंशी ग्रॅमनं काय होतं? पण तिची लेक एक किलो नऊशेची जन्मली होती. त्याच प्रसूतिगृहात, अशाच पारड्यात. पहिला महिनाभर रोज सकाळी ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि नर्स आकडा सांगायची. वीस वाढले तर त्या दिवशी जेवण जायचं. एका मंगळवारी चाळीस कमी भरले, तेव्हा तिने बाथरूममध्ये नळ सोडून तोंडात पदर कोंबला होता. दूध पुरत नाही, सगळे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, अंगावरचं बंद कर, वरचं सुरू कर. ऐंशी ग्रॅम म्हणजे तिच्या लेकीचे चार दिवस होते. आणि आता हा काटा इथून जाणार, कुणीतरी कापड धुवायला काढणार, नाहीतर सवयीने त्याचं वजन वजा करणार, आणि त्यानंतर या पारड्यात पडणारं प्रत्येक बाळ ऐंशी ग्रॅमनं हलकं. प्रत्येक आई भिंतीला टेकलेली.

हिरव्या पट्टीचा फोन वाजू लागला. काकांचा. तिने तो वाजू दिला.

सांगायचं कसं? बाहेर बोलावून? “काका, जरा फोन आहे,” म्हणावं, तर तेवढ्यात सही होईल. सरळ बोलावं तर मेट्रनबाईंसमोर काका उघडे पडतील. न बोलावं तर— पेनाचं टोपण निघालं होतं.

ती आत गेली. ट्रे ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणजे होती, पण ती म्हणाली, “जरा हे बाजूला घेते हं,” आणि काकांनी वजन उचलून पेटीत ठेवलं तशी तिने पारड्यातलं कापड अलगद उचललं. चहा सांडू नये म्हणून उचलावं, तसं.

सुई मागे गेली. शून्याच्या मागे, जिथे आकडेच नसतात.

मेट्रनबाईंचं पेन कागदावर टेकून थांबलं. फोन वाजायचा बंद झाला. काका सुईकडे बघत राहिले. मग तिच्या हातातल्या कापडाकडे. मग तिच्याकडे. तिला वाटलं आता ते खेकसतील, हात नको लावूस! त्यांनी खेकसावं असं तिला मनापासून वाटलं.

“पारडं,” काका म्हणाले.

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं.

“आधी पारडं रिकामं,” ते पुन्हा म्हणाले, शाळेतल्या मुलाने विसरलेली ओळ आठवून म्हणावी तसे. मग त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते उभे राहिले. “बाई, तुमचा काटा चांगला होता. मी बिघडवला.”

“अहो काका, होतं कधी कधी. कापड दिसत नाही पटकन—”

“मला दिसलं नाही, तर मला कशाला बोलावता?” आवाज चढलेला नव्हता. “थांबा, तुमचा होता तसा करून देतो. तेवढं करू द्या.”

त्यांनी स्क्रू उलटा फिरवला. सुई शून्यावर आली. दोन किलो ठेवलं, काढलं. पाचशे ग्रॅम ठेवलं, काढलं. पुन्हा शून्य पाहिलं. मग त्यांनी करारनामा उचलून मेट्रनबाईंसमोर ठेवला, आपल्या सहीची जागा कोरीच. “नदीपलीकडे एकजण आहे. माझ्याशी वीस वर्षं बोलत नाही. माणूस कुचका आहे, चहासुद्धा विचारणार नाही तुम्हाला. पण काट्याशी खोटं बोलत नाही. त्याला द्या.”

“तुम्ही सांगितलं म्हणून सांगू?”

“नको! माझं नाव घेतलंत तर येणारच नाही तो.”

मेट्रनबाई हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. जाताना तिच्या टेबलापाशी त्या थांबल्या. “तुमची एकोणीसशेची होती ना? आत्ता ओळखलं. कशी आहे?”

“अठरा किलो,” ती म्हणाली. “दोन ग्रॅम कमी नाही.” थोड्या वेळापूर्वी ‘एकदम नीट’ म्हणालेली तीच होती, आणि मेट्रनबाईंनी त्याबद्दल काही विचारलं नाही, हेच तिला टोचत राहिलं.

काटा जिन्यातून खाली गेला.

बारा वाजले. बारा ते एक खोली वकीलबाईंची होती. सकाळची ती चार वर्षं त्रासलेली बाई स्वतःच येऊन बाकावर बसली होती, आणि वकीलबाई काचेवर टिचकी मारत कुजबुजल्या, “अगं, पाटी बदल ना! माझी बाई ताटकळलीय. आणि ती मला विचारतेय, तुमच्याकडे पलंगाखालचंही बघतात का? काय सांगितलंस तू तिला?”

“दहा मिनिटं द्या, बाईसाहेब. हात जोडते.”

वकीलबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाकावरच्या बाईशेजारी जाऊन बसल्या.

आत काका एकटेच होते. त्यांनी सगळी वजनं खळग्यांतून बाहेर काढली होती आणि टेबलावर ओळीने मांडली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. एकेक उचलून ते मऊ फडक्याने पुसत होते. सगळ्या बाजूंनी, तळाशीसुद्धा, उजेडात धरून. सोमवारच्या बोटांचे ठसे. कोणत्या वजनाला हात लागला होता ते आठवत नसावं, म्हणून सगळीच. पुसून झालेलं वजन ते त्याच्या खळग्यात ठेवत आणि मोज्याच्या बोटाने एकदा दाबत. नीट निजलं का बघत.

दाराजवळ जाऊन पाटीची पाचर काढायला तिने हात उचलला आणि खाली घेतला.

हिरव्या पट्टीचा फोन पुन्हा वाजला. भंगारवाला. “आहेत का साहेब? का आजही तेच?”

तिने काचेतून पाहिलं. काका वीस ग्रॅमच्या वजनाशी पोचले होते. खोलीच्या दारावर त्यांचं नाव होतं.

“साहेब मीटिंगमध्ये आहेत,” ती म्हणाली. आणि मग, थोड्या वेळाने, “खरंच.”